हाताला मान द्या, मग अभ्यासक्रम काढा

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत सध्या कौशल्याचे वारे वाहत आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यात पंतप्रधानांच्या हस्ते 'आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्र' योजनेचा प्रारंभ झाला. राज्यातील एक हजार महाविद्यालयांत केंद्रे उघडायची आणि १५ ते ४५ वयाच्या सुमारे दीड लाख लोकांना दरवर्षी मोफत प्रशिक्षण द्यायचे, असा तिचा आराखडा. त्याआधी विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांतील तीन ते सहा महिन्यांच्या कौशल्य अभ्यासक्रमांसाठी मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढला. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार बेतलेल्या पदवीच्या नव्या रचनेत कला शाखेच्या मुलालाही व्हीएससी आणि एसईसी, म्हणजे व्यवसाय-कौशल्याचे विषय, सक्तीने घ्यावे लागतात. कागदोपत्री सारे सज्ज आहे.

या धोरणाशी माझे भांडण नाही. पदवीच्या जोडीला हातात एखादे काम असावे, हा विचार योग्यच आहे आणि तो यायला फार उशीर झाला. माझे भांडण आहे ते तुमच्या-माझ्या समाजाशी. ज्या समाजाला हाताने काम करणाऱ्या माणसाची लाज वाटते, त्याने कितीही अभ्यासक्रम काढले तरी त्यातून कौशल्य उगवणार नाही, प्रमाणपत्रेच उगवतील. ही लाज आपण पिढ्यान्‌पिढ्या जपली, तिला संस्कार म्हटले, आणि आज तिची किंमत आपली मुले मोजत आहेत. हा आरोप मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे.

आधी इतिहास पाहा. हाताच्या शिक्षणाची कल्पना या मातीला नवी नाही. १९३७ साली वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रम बांधला आणि सेवाग्रामला नई तालीम उभी राहिली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळाशाळांतून कार्यानुभवाचा आग्रह धरला. पुढे अकरावी-बारावीला किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम (एमसीव्हीसी) आले. १९९४-९५ पासून पदवीच्या वर्गात व्यवसाय विषय आणण्याची विद्यापीठ अनुदान आयोगाची योजना आली, २०१४ मध्ये बी.व्होक. ही पदवी आली. यातल्या प्रत्येक कल्पनेचे आपण काय केले? कार्यानुभव म्हणजे कागदाची फुले आणि आइस्क्रीमच्या काड्यांचे घर. तेही रात्री आईने करून द्यायचे आणि सकाळी मुलाच्या नावावर जमा करायचे. शिक्षकाला ते ठाऊक, आईला ठाऊक, मुलालाही ठाऊक. हाताचे काम म्हणजे फसवून गुण मिळवण्याची जागा, हा पहिला धडा आपण मुलाला आठव्या-नवव्या वर्षी दिला. आणि एमसीव्हीसीला कोण जाते, असे विचारले की आपण सरळ उत्तर दिले: ज्यांना दुसरीकडे प्रवेश मिळत नाही ते. योजना सरकारी होत्या हे खरे. त्यांचा गळा घोटला तो समाजाने.

या तुच्छतेचे मूळ शोधायला लांब जावे लागत नाही. ते जातीत आहे. आपल्या गावगाड्यात सुतार, लोहार, चांभार, कुंभार, परीट, न्हावी, मांग, महार यांच्या हातावर गाव चालत होता. नांगर त्यांनी घडवला, मोट त्यांनी शिवली, मेलेले ढोर त्यांनी ओढले. त्यांच्या हातात विद्या होती, पण तिला विद्या म्हणायची आपली तयारी नव्हती. अक्षराची दारे त्यांना बंद ठेवली आणि अक्षर ज्यांच्या घरी होते त्यांनी हत्याराला हात लावणे कमीपणाचे मानले. ज्याला काम येते त्याला पुस्तक मिळू दिले नाही, ज्याला पुस्तक मिळाले त्याला काम येऊ दिले नाही. शेकडो वर्षे चाललेल्या या फारकतीत दोघेही अर्धे राहिले. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना सरकारला हाच जाब विचारला होता: महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का जातो? हे विचारणारे जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत, खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी साहित्य पुरवले होते. चुना, दगड आणि मजूर यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध होता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये दाखवून दिले की जातीने नुसती कामे वाटलेली नाहीत, कामे करणारी माणसेच एकावर एक रचून वेगळी पाडली आहेत. हे आपण जयंतीच्या भाषणात ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि घरी येऊन मुलाला बजावतो, 'शिकला नाहीस तर हमाली करावी लागेल.' हमाली ही शिक्षा आहे, हे त्या घरात त्या क्षणी ठरून जाते.

आपल्या घरातली भाषा एकदा तपासून पाहा. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला पाणी कोणत्या पेल्यात दिले जाते? त्याला 'अहो' म्हटले जाते की 'ए'? त्याच्या मजुरीवरून घासाघीस करणारे आपण डॉक्टरांच्या फीवरून कधी घासाघीस केली आहे का? स्थळ बघायला बसलो की पहिला प्रश्न: मुलगा नोकरीला आहे का? दुसरा: कायम आहे का? स्वतःचे फॅब्रिकेशनचे दुकान चालवणारा, चार पोरांना काम देणारा, कर्ज वेळेवर फेडणारा तरुण मुलीच्या बापाला नको असतो. त्याच्या निम्म्या कमाईवर कार्यालयातल्या खुर्चीत बसणारा चालतो. मुलगी बोलत नाही, कारण तिला विचारलेच जात नाही. गावोगावी लग्नाळू मुलांची जी रांग लागली आहे, त्यातले किती हात कसबी आहेत, याची मोजदाद कोणी करावी. मग तोच तरुण, लग्न जमलेच तर, चाळिशीला पोचल्यावर स्वतःच्या मुलाला सांगतो, 'माझ्यासारखं वेल्डिंग करू नकोस, काहीतरी शीक.' आपण त्याचा मान हिरावला, म्हणून त्याने आपली विद्या मुलापासून लपवली.

याचा परिणाम समोर आहे. २०२३ मधल्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या, अर्ज दहा लाखांहून अधिक आले. २०२४ च्या पोलीस भरतीत सतरा हजारांहून अधिक जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले, उमेदवारांत पदवीधर आणि द्विपदवीधर मोठ्या संख्येने होते. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये भाड्याच्या खुर्चीवर तारुण्याची पाच-सात वर्षे घालवणारी मुले आळशी नाहीत. ती पहाटे उठतात, एका वेळच्या मेसवर दिवस काढतात. त्यांना आपणच सांगितले आहे की माणूस म्हणून मान हवा असेल तर सरकारी शिक्का हवा. राष्ट्रीय शिक्षण धोरणानेच दिलेले आकडे असे आहेत: औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले १९ ते २४ वयाचे कामकरी तरुण भारतात पाच टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के. जर्मन तरुण आपल्याहून हुशार जन्मत नाही. तिथे कामगाराच्या हाताला प्रतिष्ठा आहे आणि ती पगारात, कायद्यात आणि जेवणाच्या टेबलावर दिसते.

आता एक साधे दृश्य घ्या. ते महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसते. रस्त्याच्या एका बाजूला वरिष्ठ महाविद्यालय, दुसऱ्या बाजूला मोटार वायंडिंगचे दुकान. मार्च उजाडला, विजेचा दाब उतरला की विहिरींवरच्या मोटारी जळू लागतात आणि दुकानापुढे त्यांची रांग लागते. कारागीर मोटार खोलतो, स्टेटर बाहेर काढतो. जळालेल्या कॉइलींची जोडणी आधी वहीत उतरवून घेतो. मग एक कॉइल कापून तिचे वेढे मोजतो, तारेवरचा काळा थर खरवडून मायक्रोमीटरने तिची जाडी घेतो. खाचा घासून साफ करतो, प्रत्येक खाचेच्या मापाचा इन्सुलेशनचा कागद कापतो, फर्म्यावर नवी कॉइल गुंडाळतो आणि तार कुठेही न खरचटता ती खाचेत बसवतो. वेढे कमी पडले तर मोटार तापणार, कागद फाटला तर पुन्हा जळणार, आणि तोवर शेतकऱ्याचा ऊस वाळणार. शेवटी वॉर्निश, भट्टी आणि मेगरने इन्सुलेशनची तपासणी. हे सारे ज्ञान आहे. मोजमापाचे, पदार्थाचे आणि जबाबदारीचे ज्ञान.

त्याच वेळी रस्त्यापलीकडे पदार्थविज्ञानाच्या वर्गात विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवले जात असते. फॅरेडेचा नियम फळ्यावर आहे, विद्यार्थ्यांच्या वहीत आहे, परीक्षेत पाच गुणांना आहे. रस्ता ओलांडून त्या दुकानात गेलेला विद्यार्थी मात्र सापडत नाही. महाविद्यालयाच्या बोअरची मोटार जळली की कारागिराला बोलावणे जाते, शिकवण्यासाठी ते कधी गेलेले नाही. त्यामुळे दाब उतरल्यावर मोटार अधिक प्रवाह का ओढते, हे कारागिराला कोणी समजावून सांगितले नाही, आणि तो नियम हातात कसा उतरतो, हे विद्यार्थ्याला कोणी दाखवले नाही. वीस पावलांचे अंतर आहे. ते अंतर आपण शतकानुशतके राखले आणि आता त्यावर पूल बांधायला आपल्याला सरकारची योजना लागते. ही शरमेची गोष्ट आहे.

महाविद्यालयांच्या आत डोकावले तर चित्र याहून वेदनादायक आहे. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात पहिल्या निकषाखाली किती प्रमाणपत्र आणि मूल्यवर्धित अभ्यासक्रम चालवले, हे विचारले जाते आणि असा अभ्यासक्रम किमान ३० तासांचा असावा लागतो. हेतू चांगला होता. पण अनेक ठिकाणी त्याचे झाले काय, हे आतली माणसे खासगीत सांगतात. विभागप्रमुखाला मार्चमध्ये निरोप येतो की पाच वर्षांचे अभ्यासक्रम दाखवायचे आहेत. मग अभ्यासक्रमाचे नाव ठरते, अभ्यास मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त मागच्या तारखेने लिहिले जाते, हजेरीपटावर एकाच पेनाने तीस सह्या होतात. एका दुपारी पाहुणा येतो, त्याच्या सत्काराचे जिओटॅग छायाचित्र निघते, आणि प्रत्येकाच्या हाती चकचकीत प्रमाणपत्र पडते. विद्यार्थ्याला त्या विषयाचे नावही आठवत नाही. ज्या प्राध्यापकाने हे केले तो मुळात वाईट माणूस नाही. त्याची बढती, महाविद्यालयाची श्रेणी आणि संस्थेचे अनुदान त्या फायलीवर अवलंबून आहे. तरीही मी याला चोरी म्हणतो. शेतमजुराच्या मुलाने हे प्रमाणपत्र खरे मानून कंपनीच्या दारात दाखवले आणि तिथे त्याला पाना धरता आला नाही, तर त्याच्या डोळ्यांत पाणी आणणारा कोण? एका अंगठाबहाद्दराला फसवणाऱ्या सावकारात आणि आपल्यात मग फरक काय उरला?

संस्थाचालकांचा वाटा यात मोठा आहे. १९८३ पासून विनाअनुदानित महाविद्यालयांचे पर्व सुरू झाले, इमारती उभ्या राहिल्या, शिक्षणाचा विस्तार झाला. हे नाकारता येणार नाही. पण प्रवेशद्वाराच्या कमानीवर लाखो रुपये खर्च करणाऱ्या संस्थेला एक लेथ, चार शिलाई यंत्रे किंवा वायरिंगचा एक फळा घ्यायला पैसे नसतात. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या, आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, सुट्टीत उपाशी राहणाऱ्या नेट-सेट झालेल्या तरुणाच्याच गळ्यात कौशल्याचा विषयही मारला जातो. मराठीच्या प्राध्यापकाने 'पर्यटन व्यवस्थापन' शिकवायचे आणि इतिहासाच्या प्राध्यापकाने 'संगणक कौशल्य'. ज्याला स्वतःला ते काम येत नाही त्याला वर्गापुढे उभे करणे हा त्याचा अपमान आहे आणि विद्यार्थ्यांचाही.

सरकार तरी या मानसिकतेपासून मुक्त आहे का? २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतले विद्यावेतन बघा. बारावी उत्तीर्णाला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८,०००, आणि पदवीधराला १०,०००. कोणत्याही विषयाचा, कोणतेही काम न येणारा पदवीधर दोन वर्षे यंत्रावर घाम गाळलेल्या आयटीआयच्या मुलाहून महिन्याला दोन हजारांनी वरचा. हा दर कोणाच्या दुष्ट हेतूने ठरलेला नाही. तो आपल्या सर्वांच्या डोक्यातला दर आहे, सरकारने फक्त तो छापला. उद्योजकांचेही तेच. कुशल माणूस मिळत नाही, अशी तक्रार प्रत्येक औद्योगिक वसाहतीत ऐकू येते. १९६१ पासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. पण शिकाऊ म्हणून घेतलेल्या मुलाला वर्षभर माल उचलायला लावायचे, मुदत संपली की सोडून द्यायचे आणि नवा घ्यायचा, हा प्रकार जिथे जिथे चालतो तिथे त्या तक्रारीला नैतिक अधिकार उरत नाही. शिकवण्याचा खर्च दुसऱ्याने करावा आणि शिकलेला माणूस आपल्याला स्वस्तात मिळावा, ही अपेक्षा व्यापाराचीही नाही, ती लुटीची आहे.

आणि ज्यांना परप्रांतीयांनी आमची कामे नेली असे वाटते, त्यांनी क्षणभर थांबून विचार करावा. राजस्थानचा सुतार, उत्तर प्रदेशचा रंगारी आणि बिहारचा फरशी बसवणारा इथे आले कारण ते काम करायला आपला मुलगा तयार नव्हता, आणि आपणच त्याला तसे घडवले होते. दोष त्या कष्टकऱ्याच्या माथी मारणे अन्याय आहे. तो आपल्या घरादारापासून हजार कोस दूर पत्र्याच्या खोलीत राहून आपली घरे सजवतो. त्याच्याकडून काम शिकावे, त्याला नमस्कार करावा.

मुलींच्या बाबतीत तर आपला अपराध दुहेरी आहे. महाविद्यालयातल्या कौशल्य अभ्यासक्रमांची यादी चाळा. मुलींसाठी शिवणकाम, मेंदी, ब्यूटी पार्लर, केक. या कामांत कमीपणा काहीच नाही, त्यांवर कित्येक घरे उभी आहेत. पण सौर पॅनल बसवणे, वायरिंग, दुचाकी दुरुस्ती, ड्रोन चालवणे, सीएनसी यंत्र या नावांपुढे आपण मनातल्या मनात 'मुले' असे का लिहितो? जात जशी जन्मावरून काम ठरवते, तसे आपण इथे लिंगावरून काम ठरवतो. जी मुलगी पहाटे विहिरीवरून पाण्याची कळशी चढवते, तिला पाइप रेंच जड होईल, ही काळजी आपल्याला नेमकी प्रवेशाच्या वेळीच का सुचते? सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाने तिला जी कमाई मिळेल, त्यातून तिचे घरातले स्थान बदलेल. कदाचित त्याचीच भीती आपल्याला वाटते.

याच ठिकाणी एका धोक्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. अल्पमुदतीचा अभ्यासक्रम म्हणजे गरिबाच्या मुलाला पदवीऐवजी दिलेला तुकडा, असे होता कामा नये. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. बापाचे काम मुलाच्या गळ्यात बांधणारी ही योजना आहे, हे ओळखून तिथला समाज पेटून उठला. पेरियारांच्या चळवळीने रान उठवले, राजगोपालाचारी पायउतार झाले आणि १९५४ मध्ये कामराज सरकारने योजना मागे घेतली. तो विरोध न्याय्य होता. म्हणून चांभाराच्या मुलाला चामड्याचा आणि न्हाव्याच्या मुलाला केशकर्तनाचा अभ्यासक्रम सुचवणारा समुपदेशक मला नको. वकिलाच्या मुलीने सुतारकाम शिकावे, सफाई कामगाराच्या मुलाने संगणकाचे जाळे बांधायला शिकावे, आणि दोघांनीही तत्त्वज्ञान वाचावे. श्रीमंतांच्या महाविद्यालयात व्हीएससीच्या नावाखाली 'व्यक्तिमत्त्व विकास' आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्यांच्या महाविद्यालयात गवंडीकाम, अशी वाटणी झाली, तर ती नव्या शब्दांतली जुनी वर्णव्यवस्थाच असेल.

हे सारे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. आपल्याच मातीत ते करून दाखवलेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि स्वावलंबी शिक्षण हेच ब्रीद मानले. संस्था काढण्याआधीपासून हाच माणूस किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत शेतकऱ्यांच्या बांधाबांधावर फिरला होता. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र स्वयंपाक केला, शेतात खपली, आणि त्या कष्टातून शिकली. 'कमवा आणि शिका' ही त्यांची योजना पुढे राज्यभरातल्या विद्यापीठांनी उचलली. ज्या ठिकाणी आज कमवा-शिकाचा विद्यार्थी कार्यालयात झेरॉक्स काढतो आणि ग्रंथालयात धूळ झटकतो, तिथे त्या योजनेतला 'शिका' गळून पडला आहे, हे मान्य करावे लागेल. दुसरे उदाहरण पाबळचे. हिंदुस्थान लिव्हरमधली शास्त्रज्ञाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम उभारला. शाळेतून गळालेली मुले तिथे वर्षभर राहून वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती-पशुपालन आणि प्रयोगशाळेतल्या तपासण्या शिकली. शिकण्याची रीत अशी की गावाला लागणारी खरी वस्तू करायची, तिचा खर्च काढायचा आणि ती गावाने वापरायची. वस्तू बिघडली तर गाव सांगणारच. परीक्षक म्हणून गावाहून कडक कोण?

भाऊरावांच्या आणि कलबागांच्या यशाचे गुपित एकच होते: काम खरे होते आणि शिकवणाऱ्याला त्या कामाची लाज नव्हती. म्हणून माझ्या मागण्याही खऱ्या कामाच्या आहेत. पहिली, तासांची. श्रेयांकाच्या हिशेबात प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. दोन श्रेयांकांत ६० तास भरतात, त्यात हाताला ओळख होते, कसब येत नाही. बारा श्रेयांकांचे ३६० तास खरेखुरे यंत्रावर भरवा किंवा त्याला कौशल्य अभ्यासक्रम म्हणू नका. दुसरी, शिक्षकाची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून औपचारिक पदवी नसलेल्या अनुभवी माणसालाही महाविद्यालयात घेण्याचा मार्ग मोकळा केला. अट साधारण पंधरा वर्षांच्या अनुभवाची. वायंडिंगच्या दुकानातल्या कारागिराचा अनुभव कित्येकदा तीस वर्षांचा असतो. त्याला सन्मानाने बोलवा, प्राध्यापकांच्या खोलीत खुर्ची द्या, मानधन वेळेवर द्या, आणि पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी त्याच्या शेजारी बसून शिकावे व शिकवावे. नियम आड येत असेल तर नियम बदलून घ्या. तिसरी, परीक्षेची. लेखी पेपर बंद करा. मोटार चालली की उत्तीर्ण, जळली की पुन्हा शिक. चौथी, हिशेबाची. प्रत्येक महाविद्यालयाने सहा महिन्यांनी जाहीर करावे की आमच्या अमुक अभ्यासक्रमातून इतके शिकले, इतक्यांना त्या कामात पैसे मिळू लागले. जो अभ्यासक्रम हे सांगू शकत नाही तो बंद करावा. पाचवी, विद्यावेतनाची. रोजंदारी बुडवून येणाऱ्या मुलाला तीन महिने मोफत शिकवणे पुरेसे नाही. त्याच्या घरी चूल पेटती राहिली पाहिजे. हातमोजे, चष्मा, बूट आणि विमा यांशिवाय एकाही विद्यार्थ्याला यंत्रापुढे उभे करणे गुन्हा मानला जावा.

या मागण्या सरकारकडे आणि विद्यापीठांकडे आहेत. पण शेवटचा शब्द तुमच्याशी आहे, कारण यातली कोणतीही गोष्ट शासन निर्णयाने होणार नाही, जोवर तुम्ही बदलत नाही. पालकांनो, मुलगी वायरमन व्हायचे म्हणाली तर तिला रोखू नका, आणि जावई म्हणून कसबी हाताचा तरुण समोर आला तर त्याच्या नोकरीचा दाखला मागू नका, त्याचे काम बघा. प्राध्यापकांनो, पुढची खोटी फाइल समोर आली की सही नाकारा. एकाने नाकारली तर दहांना बळ येईल. संस्थाचालकांनो, नवी कमान बांधण्याआधी कार्यशाळा बांधा. उद्योजकांनो, शिकाऊ मुलाला शिकवा आणि त्याचे दाम द्या. तरुणांनो, पदवी सोडू नका, पण पदवीच्या आडोशाने हात पांढरे ठेवू नका. ज्या देशात घर बांधणाऱ्याहून घराचा कागद लिहिणारा मोठा मानला जातो, तो देश कौशल्याच्या घोषणांनी उभा राहणार नाही. हा क्रम उलटवायची सुरुवात आज आपापल्या उंबऱ्यापासून करा. उद्या तुमच्या दारात काम करायला येणाऱ्या माणसाला 'अहो' म्हणा, त्याला बसायला सांगा आणि तुमच्या मुलाला त्याच्या शेजारी बसवा.